रिबिटांचा उन्हाळा

कूलरवाला सकाळी येऊन गेला. जुनी खस उपटून त्यानं नवी भरली, पंप चालू करून दाखवला आणि "मावशी, यंदा लवकर बोलावलं," म्हणत सायकलवर बसून निघून गेला. लवकर बोलावलं हे खरं. होळीची राख अजून चौकात आहे आणि आत्ताच अकरानंतर अंगणात पाय ठेवता येत नाही. नागपूरच्या माणसानं उन्हाची तक्रार करू नये, पण वय झालं की ऊन अंगावर पडून थांबत नाही, अंगात शिरतं. ओल्या खसचा वास खोलीभर पसरला आणि त्याच्या पाठोपाठ, दरवर्षीसारखा, या घरात आता कुठंच नसलेला एक वास आला. सुताराचा पांढरा गोंद, एरंडेल आणि स्पिरिट.

तो उन्हाळा ऐंशी सालानंतरचा. मी तेहतीस वर्षांची होते आणि एका मोठ्या सरकारी दवाखान्यात जळीत वॉर्डाची स्टाफ नर्स होते. आमचं हुडकेश्वरचं घर तेव्हा गावाबाहेर समजलं जायचं. आखून ठेवलेले प्लॉट, त्यांत पाचसहा घरं, मधे बाभळी, पलीकडे नांगरलेली शेतं. सिटी बस नाक्यापर्यंत यायची. तिथून पंधरा मिनिटं पायी. सकाळची ड्युटी संपवून दुपारी तीनच्या उन्हात ती वाट चालून मी दार ढकलायची तेव्हा डोळ्यांना आधी नुसता अंधार दिसायचा. मग त्या अंधारातून हळूहळू एक पंख दिसायला लागायचा.

समोरच्या खोलीत दोन बाकं जोडून त्यांवर माझ्या वडिलांनी, बाबांनी, बांधलेलं विमान ठेवलेलं होतं. लिबरेटर. चार इंजिनांचं, मागे दोन उभ्या शेपट्यांचं, पोट सुटलेलं, बाँब टाकणारं विमान. खरं लिबरेटर एखाद्या गल्लीएवढं लांबरुंद असतं. हे त्याचं लेकरू, जमिनीवरून रेडिओच्या पेटीनं उडवायचं. पण लेकराचा पंखही दहा फुटांचा, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. स्वयंपाकघरात जायचं तर त्याच्याखालून वाकून जावं लागे. पाहुण्यांनाही तेच. बाबा म्हणायचे, "जो वाकून येते त्याले चहा भेटते."

खऱ्या लिबरेटरवर बाबांनी अकरा वर्षं फिटर म्हणून काढली होती. उमरेडकडच्या खेड्यातून हवाई दलात भरती झालेला पोरगा, पाना हातात आला तो तिथंच. "विमानाच्या पोटात शिरलं का माणसाले कोणी जात नाही पुसत," ते सांगायचे. "तेवढी जागाच नसते तिथं." छप्पन साली दीक्षा घ्यायला रजा काढून नागपूरला आले, आणि रजा संपली त्या सकाळी परत पंखावर उभे होते. ती विमानं पुढे भंगारात गेली. बाबा रिटायर झाले आणि त्यांतलं एक त्यांनी आठवणीतून बांधायला घेतलं. लाकूड कलकत्त्याहून पार्सलनं यायचं, इतकं हलकं की पहिला गठ्ठा उचलला तेव्हा मला तो रिकामा वाटला. तीन वर्षांत सांगाडा झाला, फळ्या चढल्या, वरून रेशीम ताणून रंगही झाला. आणि मग दिवाळीच्या सुमारास एका सकाळी दाढी करताना बाबांच्या उजव्या हातातून वस्तरा गळून पडला. पुढे जीभ सुटी झाली, पाय ओढत का होईना चालायला लागला. हात तेवढा परत आला नाही.

आई जाऊन तोवर सात वर्षं झाली होती. घरात आम्ही दोघंच.

फेब्रुवारी सरता सरता एका दुपारी मी आले, तर बाबा विमानासमोर स्टुलावर बसलेले. म्हणाले, "शालू, माहा हात गेला. तुहा दे."

"कशाला?"

"रिबिटा लावायच्या आहेत."

रिबीट म्हणजे विमानाचे पत्रे जोडणारा बारका खिळा. खऱ्या विमानाचं अंग अशा रिबिटांच्या ओळींनी भरलेलं असतं. लाकडाच्या विमानाला त्यांची काही गरज नव्हती, ते तसंही उडलं असतं. मी तसं म्हटलंही. बाबांनी मान हलवली. "रिबिटा नसल्या तं ते विमान नाही वं. खेळणं आहे."

युक्ती त्यांनी आधीच शोधून ठेवली होती. दोन सीसीची काचेची सिरिंज, जाड सुई, सुईचं टोक दगडावर घासून बोथट केलेलं. सिरिंजमध्ये पांढरा गोंद पाणी घालून भरायचा. पट्टी ठेवून पेन्सिलनं ओळ आखायची आणि ओळीवर एकेक थेंब सोडत जायचं. थेंब वाळला की टाचणीच्या डोक्याएवढा उंचवटा राहतो. दोन थेंबांत ज्वारीच्या दाण्याएवढं अंतर.

"इंजेक्शन तं तुले देता येते नं?" बाबा म्हणाले.

येत होतं. दिवसभर दुसरं काय करत होते मी? वॉर्डात कातडी उरलेली नसेल तिथं सुईला जागा शोधायची. उन्हाळा चढला की आमच्या खाटा भरायच्या. बहुतेक बाया, त्यांतल्याही बहुतेक विशी-बाविशीतल्या. सगळ्या म्हणायच्या स्टोव्ह भडकला. आम्ही स्टोव्ह असं लिहून घ्यायचो. बाजूला सासू किंवा नवरा उभा असायचा. मी पट्ट्या बदलायची, पाणी पाजायची, आणि दोन-चार दिवसांनी त्या खाटेवर दुसरी कुणी असायची. मी घरी येऊन हातपाय धुऊन बसायची. थकवा म्हणावा तर पाय दुखत नसत, डोकं दुखत नसे. फक्त असं वाटायचं की ताटात वाढलेलं उचलून तोंडात घालणं हेही आता कुणीतरी दुसऱ्यानं करावं.

त्यात ही सिरिंज. पहिल्या दिवशी मला रागच आला. नाकापासून सुरुवात केली आणि वीतभर ओळ भरेपर्यंत मान अवघडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मार्च सरला तसा गोंद सुईतच वाळायला लागला. मग डाव्या हातात ओलं फडकं धरायचं, पाच-सहा थेंब झाले की सुई पुसायची. खिडकीला खसची ताटी बांधलेली. बाबा डाव्या हातानं तांब्या घेऊन तिच्यावर पाणी मारायचे, मग माझ्या मागून येऊन वाळलेल्या ओळीवरून डाव्या हाताची बोटं फिरवायचे. डोळे बंद करून. "हे पाय, इथं एक सुटली." मी पाहायची तर खरंच सुटलेली असायची. अकरा वर्षं ज्या अंगावर हात फिरवला त्याच्या ओळी त्या बोटांना पाठ होत्या. कुठं दुहेरी, कुठं एकेरी, कुठं दारापाशी ओळ वळते. कागदावर काही नव्हतं. सगळं त्यांच्या हातात होतं, आणि जो हात गेला त्यातलं या हातात कसं उतरलं कोण जाणे.

विमानाच्या नाकाला काचांच्या खिडक्या होत्या. त्या कशाच्या करायच्या? दवाखान्यात फेकून दिलेल्या एक्स-रेच्या फिल्म मी मागून आणल्या. कोमट पाण्यात सोडा घालून त्या भिजत ठेवल्या की वरचा काळा थर सुटतो आणि खाली निळसर, स्वच्छ पारदर्शक पापुद्रा राहतो. मी मोरीत बसून त्या चोळायची. कुणाच्या तरी बरगड्या, कुणाचा मनगटाचा सांधा, बोटाखाली पुसट होत होत पाण्याबरोबर निघून जायचा. बाबांनी त्या फिल्म कापून घेतल्या, लाकडी साच्यावर गरम करून वाकवल्या. एका हातानं. दुसरा हात माझा.

पोटाखालचा बाँबचा दरवाजा हा त्यांचा सगळ्यांत लाडका भाग. लिबरेटरचे ते दरवाजे खाली उघडत नाहीत, पोटाच्या दोन्ही बाजूंनी वर गुंडाळले जातात. "सीताबर्डीतल्या दुकानाच्या शटरवानी," बाबा म्हणायचे. बारक्या पट्ट्या कापडावर चिकटवून त्यांनी ते आजारपणाआधीच केले होते. डाव्या बोटानं शटर वर करायचे, खाली करायचे.

"बाबा, बाँब टाकणारं काहून बांधलं?" मी एकदा विचारलं. "माणसं नेणारं एखादं बांधायचं. आपल्या घरात बुद्धाचा फोटो आणि त्याखाली हे."

ते बराच वेळ शटर वरखाली करत राहिले. मग म्हणाले, "माह्या काळात त्यानं बाँब नाही टाकले. समुद्रावर फिरून, पाहून परत येत होतं. अन् टाकले असते तरी मी हेच बांधलं असतं. मले येते ते हेच आहे वं."

रिबिटांनंतर झीज. हा शब्द बाबांचाच. विमान कोरं करकरीत दिसलं तर ते खोटं. इंजिनांच्या मागे धुराचे काळे फरांटे पाहिजेत. ते मी दिव्याच्या काजळीत सुका ब्रश बुडवून ओढले. तेलाचे ओघळ, चाकांपाशी मुरमाचा तांबूस रंग. आणि पंखाच्या मुळाशी, उजव्या बाजूला, एक हातभर जागा त्यांनी मला सँडपेपरनं घासायला सांगितली, रंग उडून खाली आधी दिलेला चंदेरी थर दिसेपर्यंत. "इथं पाय ठेवून आम्ही वर चढत होतो," ते म्हणाले. "इथला रंग कधी टिकलाच नाही." मी घासलं. त्यांनी स्टुलावरून वाकून पाहिलं आणि म्हणाले, आणखी थोडं.

याच उन्हाळ्यात रामटेके मास्तरांची पोस्टकार्डं येत होती. ते ब्रह्मपुरीकडे शाळेत शिकवायचे. बायको वारलेली, सात वर्षांची मुलगी. एका नातेवाइकाच्या घरी आमची भेट झाली होती. सभ्य माणूस. माझ्याकडे पाहून बोलायचे, ताटात उष्टं टाकायचे नाहीत, मुलीची वेणी स्वतः घालायचे. नाही म्हणावं असं त्यांच्यात काही नव्हतं. मी त्यांना म्हटलं होतं, "बाबांचं विमान पूर्ण होऊ द्या. मग तारीख ठरवू." ते म्हणाले, जरूर. आणि मग दर पंधरा दिवसांनी कार्ड यायचं. घरचं क्षेम, शाळेतलं एखादं वाक्य, आणि शेवटी: विमान कुठवर आलं?

विमान संपत नव्हतं. एक काम झालं की बाबांना दुसरं आठवायचं. शेपटीच्या आतल्या अंगाला दोन ओळी राहिल्यात. मागच्या बंदुकीच्या घुमटाला कडी पाहिजे. बंदुका मी वापरलेल्या रिफिली कापून केल्या, तर त्यांना भोकं पाडून हवी होती. पंखाच्या खालच्या बाजूला रिबिटा लाव म्हणाले तेव्हा मी विचारलं, "खाली कोण पाहणार आहे?"

"मी पाहीन."

मला वाटायला लागलं, बाबा मुद्दाम लांबवताहेत. मी गेले की हे घरात एकटे, एका हाताचे. भीती वाटणारच. बोलायचं कसं म्हणून रिबिटा सांगताहेत. ही समजूत मी मनाशी पक्की केली आणि तिचं मला बरंही वाटत होतं. बापासाठी थांबलेली मुलगी, यात कुणाला नाव ठेवायला जागा नव्हती.

मे महिन्याच्या मध्यात एका दुपारी कार्ड आलं त्याच दिवशी वॉर्डात एक मुलगी गेली होती. तिनं शेवटपर्यंत माझा पदर धरून ठेवला होता आणि बोटं सोडवताना तिच्या बोटांची सालं माझ्या पदराला राहिली होती. घरी आले. बाबा म्हणाले, "शालू, चाकाच्या झाकणावर एक ओळ..."

मी सिरिंज बाकावर आपटली. काच फुटली. "किती लांबवणार आहात? मला जाऊ द्यायचं नाही असं सरळ सांगा ना! मी थांबते. पण ह्या रिबिटा आता पुरे."

बाबांनी स्टूल मागे सरकवलं. मग ते म्हणाले, "मले तं हे विमान मार्चातच उडवायचं होतं."

मला कळलं नाही.

"मार्चातच झालं होतं ते. पुढच्या अंगाच्या रिबिटा झाल्या तेव्हाच झालं. मागून कोण पाहते?" त्यांनी काचेचे तुकडे डाव्या हातानं गोळा करायला घेतले. "तू त्या वॉर्डातून येत होती अन् भिंतीकडे पाहत बसत होती. जेवण नाही, बोलणं नाही. मी इकडून पाहत होतो. काय करू? मले काही करता येत नाही, एक हात तं लुळा. ज्या दिवशी तुह्या हातात ही सुई दिली, तू शिव्या देत देत दीड घंटा काम केलं अन् दोन पोळ्या जेवली. म्हणून सांगत गेलो मी. रोज एक ओळ सांगत गेलो. चाकाच्या झाकणावर रिबिटा नसतातच वं."

मी उभीच होते. आठवून पाहिलं. रोज संध्याकाळी जेवत होते हे खरं होतं. कधीपासून, ते मला सांगता आलं नसतं.

"अन् तुले जायचं आहे तं जाय नं," ते म्हणाले. "मी कधी अडवलं? नोकरीतला माहा जोडीदार पिल्ले आहे, शेजारचे आहेत. मी काही मरून नाही राहिलो."

दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. राग त्यांचा नव्हता. माझ्या पायाखालची एक सोयीची पायरी त्यांनी काढून घेतली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना मी म्हटलं, "मला नाही जायचं ब्रह्मपुरीला."

"माह्यासाठी?"

"नाही. माझ्यासाठी. माणूस चांगला आहे. पण मला कुठंच जायचं नाही. मी फार थकले आहे, आणि थकलेल्या माणसानं लग्न करू नये. तिथं जाऊन दुसऱ्याची मुलगी, दुसऱ्याचं घर... मी त्यांना काय देणार?"

"मग तसं लिही त्याले." बाबांनी बशीत चहा ओतला. "माह्या विमानाच्या नावावर काहून टाकून राहिली?"

मी लिहिलं. कार्ड नाही, पाकीट. दोन पानं लिहून फाडली, तिसऱ्यांदा आठ ओळी लिहिल्या. त्यांचं उत्तर आलं. खरं कारण कळवलंत याबद्दल आभारी आहे, इतकंच, आणि खाली मुलीनं काढलेलं एक विमान. चार इंजिनं मोजून काढली होती तिनं. त्या चित्राकडे पाहून मी रडले, हे आज लिहायला हरकत नाही. निर्णय चुकला म्हणून रडले का, तर नाही. बरोबर निर्णयानंही कुणाचं तरी काहीतरी जातंच.

बऱ्याच वर्षांनी दसऱ्याला दीक्षाभूमीच्या गर्दीत मास्तर भेटले. केस पांढरे, बरोबर उंच मुलगी, तिच्या कडेवर मूल. त्यांनी दुसरं लग्न केलं नव्हतं. ओळख पटायला मला वेळ लागला, त्यांना नाही. हसून त्यांनी विचारलं, "उडालं का हो ते?" गर्दी पुढं ढकलत होती. मी ओरडून सांगितलं, उडालं. ऐकू गेलं की नाही माहीत नाही.

ते उडालं जूनच्या पहिल्या आठवड्यात.

उडवणं हे पिल्लेकाकांचं काम. बाबांचे नोकरीतले जोडीदार, केरळचे, रेडिओ दुरुस्तीत आयुष्य गेलेलं, नागपूर आवडलं म्हणून इथंच राहिलेले. रेडिओचा संच त्यांनी आखाती देशातल्या मेव्हण्याकडून मागवला होता. आमची भांडाभांडी संपल्यावर ते चार दिवस रोज यायचे आणि विमानाच्या पोटात डोकं घालून बसायचे. बारक्या मोटरी, त्यांच्या तारा, शेपटीपर्यंत जाणाऱ्या काड्या. मग पेटी गळ्यात अडकवून बाहेर रस्त्यावर चालत जायचे, पार नाक्याच्या दिशेनं, आणि लांबून ओरडायचे, "हिला क्या?" बाबा दारातून शेपटीकडे पाहून ओरडायचे, "हिला!" शेजारच्या बाया पदरानं तोंड झाकून हसायच्या.

मग तोल पाहिला. पंखाखाली दोन्ही बाजूंना खूण असते. तिथं एकेक बोट लावून विमान उचलायचं. नाक किंचित खाली झुकलं पाहिजे. एका बाजूला पिल्लेकाका, एका बाजूला मी. उचललं, तर शेपूट धपकन खाली.

"गजभिये," पिल्लेकाका म्हणाले, "पीछे इतना भारी कैसे हो गया? लकडी तो हलकी है."

बाबा माझ्याकडे पाहायला तयार नव्हते. मागच्या अंगावर, शेपटीच्या आतून-बाहेरून, दोन महिन्यांचा गोंद होता. नाकात शिशाचे तुकडे बसवत बसवत शेवटी तोल आला तेव्हा पिल्लेकाकांनी घाम पुसला. "ये उडेगा, पर गाली देके उडेगा."

नेलं ते हातठेल्यावर. पहाटे उजाडता उजाडता, ऊन चढायच्या आणि वारा सुटायच्या आत. ठेल्यावर बाबा बसलेले, पाय पसरून, मांडीवर सुटा केलेला दहा फुटांचा पंख आडवा धरून. पुढून ओढायला पिल्लेकाका, मागून ढकलायला मी. वस्ती संपल्यावर मुरमाचा एक पडीक माळ होता, पक्का, सपाट. एका कडेला कडुलिंबाचं झाड. तिथं पंख बसवला, चार टाक्या एरंडेल-स्पिरिटनं भरल्या.

इंजिनं एकेक करून सुरू झाली. पहिलं पटकन, दुसरं तिसऱ्या झटक्याला. चारही चालू झाली तेव्हा तो आवाज छातीत बसला. मला चौघांचा एकच आवाज ऐकू येत होता. बाबा डोकं तिरपं करून उभे होते. "तीन नंबर उपाशी आहे," ते म्हणाले. "तेल कमी भेटून राहिलं त्याले. शालू, केसभर फिरव." मी वाकून, चालत्या पंख्याच्या मागून, तेल सोडायची बारकी सुई केसभर फिरवली. "बस." मलाही तेव्हा फरक ऐकू आला. चार माणसं वेगवेगळं बोलत असतात आणि अचानक एकाच सुरात बोलायला लागतात, तसा.

बाबांनी पिल्लेकाकांच्या खांद्यावर डावा हात ठेवला. विमान धावलं. माळ संपत आला तरी चाकं जमिनीवर. मी मनात म्हणत होते, माझ्या रिबिटांनी घात केला. मग शेवटच्या टोकाला मुरमाची धूळ खाली राहिली आणि ते वर गेलं. जडपणे, पोट सावरत, घाई न करता.

वर गेल्यावर ते लहान उरलं नाही. आकाशात मापाला काही नसतं. दूरवर, उगवत्या उजेडात, एक खरं लिबरेटर वळत होतं. मी बाबांकडे पाहिलं, तर त्यांचा लुळा हात अंगाशी किंचित हलत होता. की मला तसं वाटलं.

दोन फेऱ्या झाल्या. तिसरीच्या वळणावर आवाज तुटला. "एक गया!" पिल्लेकाका ओरडले. विमान एका अंगावर कलंडलं.

"तीन नंबर. घाबरू नको," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज अगदी सपाट होता, वॉर्डात आमची मोठी सिस्टर बोलते तसा. "वळवू नको त्या बाजूले. सीधा ठेव. आता पॉवर कमी कर. आणखी. नाक खाली. आता काही करू नको."

ते उतरलं. पुढचं चाक मोडलं, पोट मुरमावर खरडत वीसेक पावलं गेलं, आणि धुळीत थांबलं. पिल्लेकाकांनी पेटी गळ्यातून काढून खाली ठेवली. बाबा निघाले. मी काठी द्यायला गेले तर त्यांनी हात झटकला. तो अख्खा माळ ते पाय ओढत एकटे चालत गेले आणि विमानाशेजारी जमिनीवर बसले. आम्ही मागून पोहोचलो तेव्हा ते पोटाखाली हात घालून चाचपत होते. पोटावरच्या रिबिटांच्या ओळी खरवडून निघाल्या होत्या.

"जाऊ द्या," मी म्हटलं. "परत लावू."

"नको. राहू दे," ते म्हणाले. "अशाच दिसत होत्या त्या."

नंतर ते आणखी काही वेळा उडालं. बाबा त्यानंतर सहा वर्षं होते. ते गेल्यावर पिल्लेकाका विमान घेऊन गेले, आणि माझ्या घरात वाकून चालायची कुणाला गरज उरली नाही. मी मात्र बरेच महिने वाकत होते.

पण त्या सकाळचं एवढंच नाही. ते दोघं पंख सुटा करत होते, तेल पुसत होते, एकमेकांना तेच तेच सांगत होते, एक गया तेव्हा काय वाटलं. मी झाडाला टेकून बसले. पाच मिनिटं बसू म्हणून.

डोळे उघडले तेव्हा अंगाखाली बाबांचा शर्ट होता आणि ऊन माथ्यावरून कलायला लागलं होतं. माझ्यावर मात्र सावली. कडुलिंबाची सावली केव्हाच सरकून गेली होती. बाबा बनियनवर माझ्या उशाशी बसले होते आणि पंख उभा धरून, एका हातानं आणि एका खांद्यानं, त्याची सावली माझ्या तोंडावर पाडत होते. मुरमात पंखाच्या टोकाच्या खुणा उमटलेल्या होत्या. ऊन सरकत गेलं तसा त्यांनी तो चार-पाच वेळा उचलून पुढं ठेवला होता. पिल्लेकाका दिसत नव्हते.

मी धडपडत उठले. "किती वाजले? माझी आज दुपारची ड्युटी आहे."

"पिल्ले नाक्यावर गेला आहे फोन करायले," बाबा म्हणाले. त्यांच्या हनुवटीवरून घाम ओघळत होता. "सांगते म्हणे, सिस्टर आजारी आहे."

"मी आजारी नाही."

"मग काय सांगायचं होतं? थकली म्हणून?" त्यांनी पंख दुसऱ्या खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला, जमला नाही, तसाच राहू दिला. "थकल्याची रजा कुठी भेटते वं? झोप अजून. मले काही जड नाही होऊन राहिलं."